माशांची पेटी आणि न दिसणारा प्रकाश

तुमच्यापैकी काहींच्या घरी माशांची काचपेटी असेल. घरी नसली तरी शेजारी, डॉक्टरांच्या दवाखान्यात किंवा एखाद्या हॉटेलात तुम्ही ती नक्कीच पाहिली असेल. नवी पेटी आणली, तळाला वाळू घातली, दोन गोल्डफिश आणि चार गप्पी सोडले, वरचा दिवा लावला, की पहिले आठ-पंधरा दिवस पाणी स्फटिकासारखे स्वच्छ असते. मग एके दिवशी लक्षात येते, की पेटीमागे चिकटवलेले चित्र थोडे फिकट दिसू लागले आहे. आणखी चार दिवसांनी पाणी पालकाच्या पातळ रसासारखे होते आणि मासा काचेला नाक लावील तेव्हाच दिसतो. निम्मे पाणी बदलावे, तर आठवड्याने पुन्हा तोच प्रकार!

हा हिरवा रंग म्हणजे पाण्यात तरंगणारी एकपेशीय शैवाले. त्यांतील एखादी पेशी घेतली तर तिचा व्यास मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतका भरेल. पेटीतल्या गाळणीचा स्पंज तिच्या दृष्टीने म्हणजे दिंडी दरवाजे उघडे असलेला किल्लाच. ती एका बाजूने शिरते आणि दुसऱ्या बाजूने सुखरूप बाहेर पडते. औषध घालून शैवाल मारावे, तर त्याच औषधाने वनस्पती आणि कधीकधी मासेही दगावतात. मग माशांच्या दुकानात एक तिसरा उपाय सुचवला जातो: पाणी एका बंद नळीतून फिरवायचे आणि त्या नळीत अतिनील किरणांचा दिवा लावायचा. पाण्यात काही मिसळायचे नाही. दिव्यासमोरून पाणी गेले, की झाले काम.

हे खरे आहे का? असेल तर कोणता दिवा, केवढी नळी, केवढा पंप? दुकानातल्या खोक्यावर छापलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवावा का? हे प्रश्न माशांचे वाटतात, पण त्यांची उत्तरे पदार्थविज्ञानात आहेत. त्यातले गणित दहावीच्या मुलाला पेलेल इतकेच आहे.

प्रथम थोडा इतिहास. १८०१ साली जर्मनीत रिटर या शास्त्रज्ञाने लोलकातून पडलेल्या वर्णपटात सिल्व्हर क्लोराइड ठेवून पाहिले. जांभळ्या टोकाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे ते सर्वांत लवकर काळे पडले. अतिनील किरणांची ही पहिली ओळख. (जुन्या मराठी पुस्तकांत तुम्हाला यांनाच ‘जंबुपार’ किरण म्हटलेले आढळेल. जांभळाच्या पार ते जंबुपार! मला तो शब्द अधिक आवडतो, पण आता ‘अतिनील’ रूढ झाला आहे.) १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये डाउन्स आणि ब्लंट यांनी दाखवले, की पोषक द्रावणाच्या नळ्या उन्हात ठेवल्या तर त्यांत जंतू वाढत नाहीत आणि हा परिणाम मुख्यतः वर्णपटाच्या निळ्या-जांभळ्या बाजूचा आहे. १९१० मध्ये फ्रान्समधील मार्सेय शहरात पिण्याचे पाणी अतिनील दिव्याने निर्जंतुक करण्याचा पहिला मोठा प्रयोग झाला. आज तुमच्या स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करण्याचे जे यंत्र भिंतीवर टांगलेले असते, त्यांपैकी अनेकांत याच जातीचा दिवा असतो.

हा दिवा दुसरातिसरा कोणी नसून आपल्या ओळखीच्या ट्यूबलाइटचा सख्खा भाऊ आहे. दोन्ही नळ्यांत थोडा पारा आणि आर्गॉनसारखा वायू कमी दाबाखाली भरलेला असतो. विजेचा दाब दिला, की इलेक्ट्रॉन धावू लागतात आणि पाऱ्याच्या अणूंवर आदळतात. १९१४ साली फ्रँक आणि हर्ट्झ या दोघांनी पाऱ्याच्या बाष्पातून असेच इलेक्ट्रॉन पाठवले, तेव्हा त्यांना एक गंमत दिसली. इलेक्ट्रॉनची ऊर्जा ४.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट होईपर्यंत पाऱ्याचा अणू तिला हातही लावत नाही. ती तेवढी झाली, की मात्र अणू सगळी ऊर्जा गिळतो आणि २५४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशाच्या रूपाने परत फेकतो. अणूत ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्याच असतात, याचा हा पुरावा होता. १९२५ सालचे नोबेल पारितोषिक त्या दोघांना मिळाले. माशांच्या पेटीतला दिवा ही त्या प्रयोगाचीच रोजच्या वापरातली आवृत्ती म्हणायला हरकत नाही. अचूक तरंगलांबी २५३.७ नॅनोमीटर आहे.

मग ट्यूबलाइटमधून हे किरण बाहेर का येत नाहीत? दोन कारणे आहेत. एक तर नळीच्या आतून दिलेला पांढरा लेप ते शोषून दृश्य प्रकाश देतो आणि जे थोडे उरतात त्यांना साधी काच अडवते. साधी खिडकीची काच आपल्या डोळ्यांना पारदर्शक असली, तरी २५४ नॅनोमीटरच्या प्रकाशाला ती विटांची भिंत आहे. म्हणून जंतुनाशक दिव्याची नळी क्वार्ट्झची, म्हणजे वितळवलेल्या शुद्ध गारगोटीची, किंवा अतिनील किरण जाऊ देणाऱ्या खास काचेची करतात आणि आतून लेप देत नाहीत. यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते. पेटीच्या बाहेरून काचेतून असा दिवा दाखवला तर पाण्यातल्या एकाही पेशीला त्याचा पत्ता लागणार नाही.

आता हे किरण जंतूंना मारतात कसे? ४.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ही ऊर्जा हिरव्या प्रकाशकणाच्या दुपटीहून अधिक आहे. पेशीतील जनुकीय द्रव्य, म्हणजे डीएनए, २६० ते २६५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश सर्वांत जोराने शोषते. पाऱ्याची रेषा त्याच्या अगदी जवळ पडावी, हा निसर्गाने आपल्याला दिलेला योगायोग होय. डीएनएच्या साखळीत थायमिन नावाचे दोन घटक शेजारी असले आणि असा प्रकाशकण तिथे शोषला गेला, तर ते दोघे एकमेकांना चिकटतात. पुस्तकाची दोन पाने डिंकाने चिकटावीत तसे. मग पेशीला त्या जागी मजकूर वाचता येत नाही, नक्कल करता येत नाही आणि तिचे विभाजन थांबते. पेशी लगेच मरतेच असे नाही, पण तिचा वंश खुंटतो. आपल्याला तेवढे पुरे.

अर्थात पेशीही अगदी असहाय नसते. १९४९ मध्ये अमेरिकेत केल्नर यांना आढळले, की अतिनील किरणांनी ‘मेलेले’ सूक्ष्मजीव नंतर दृश्य प्रकाशात ठेवले तर त्यांतले पुष्कळसे पुन्हा वाढू लागतात. त्यांच्यात एक विकर असते आणि ते निळ्या प्रकाशाची ऊर्जा वापरून चिकटलेली पाने सोडवते. माशांच्या पेटीवर तर रोज सात-आठ तास दिवा असतोच. तेव्हा किरणांचा अर्धवट मार उपयोगाचा नाही, तो पुरेसा हवा.

पुरेसा म्हणजे किती? इथे ‘मात्रा’ ही कल्पना समजून घेतली पाहिजे. भर उन्हात पाच मिनिटे उभे राहणे आणि कोवळ्या उन्हात अर्धा तास उभे राहणे यांत त्वचेला मिळणारी ऊर्जा सारखी असू शकते. तसेच इथेही आहे. मात्रा म्हणजे तीव्रता गुणिले वेळ. तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला मिलिवॉटमध्ये आणि वेळ सेकंदांत मोजला, तर मात्रा दर चौरस सेंटिमीटरला मिलिज्यूलमध्ये येते. पुढे मी नुसते ‘मिलिज्यूल’ म्हणेन, क्षेत्रफळ तुम्ही मनात धरा. आतड्यातल्या ई. कोलाय जंतूंपैकी ९० टक्के निकामी करायला ३ च्या आसपास मिलिज्यूल पुरतात. पिण्याच्या पाण्यासाठी ४० हे प्रमाण आज सर्वत्र मानतात. क्लोरेला या हिरव्या शैवालासाठी २२ च्या आसपासचा आकडा दिव्यांच्या तक्त्यांत दिलेला असतो. आणि माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणणारा जो परजीवी आहे, त्याची पोहणारी पिल्ले मारायला १०० किंवा त्याहून जास्त मिलिज्यूल लागतात.

आता एक यंत्र कागदावर बांधून पाहू. ९ वॅटचा छोटा जंतुनाशक दिवा घेऊ. दुकानात मिळणाऱ्या घरगुती यंत्रांत हा पुष्कळदा असतो. ९ वॅट वीज खाऊन तो २५४ नॅनोमीटरचा प्रकाश साधारण २.४ वॅटच देतो. (कमी वाटते? प्रत्येक प्रकाशकणाच्या ऊर्जेने भागून पाहा. सेकंदाला सुमारे ३ वर अठरा शून्ये इतके कण होतात.) दिव्याची प्रकाशणारी लांबी १२ सेंटिमीटर धरू. दिव्यावर क्वार्ट्झची आणखी एक नळी असते. दुकानदार तिला ‘स्लीव्ह’ म्हणतात. दिवा कोरडा राहावा हा तिचा एक उपयोग. दुसरा असा, की या जातीचा दिवा त्याच्या नळीचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असताना सर्वांत चांगला चालतो आणि मधली हवेची फट त्याला उबदार ठेवते. या स्लीव्हचा बाहेरचा व्यास ३ सेंटिमीटर आणि बाहेरच्या नळकांड्याचा आतला व्यास ६ सेंटिमीटर घेऊ. म्हणजे दिव्याभोवती दीड सेंटिमीटर जाडीचा पाण्याचा थर वाहतो आहे.

स्लीव्हचे पृष्ठफळ ३.१४ × ३ × १२, म्हणजे ११३ चौरस सेंटिमीटर. २.४ वॅट त्यावर वाटले गेले, की तीव्रता २१ मिलिवॉट येते. बाहेरच्या भिंतीशी क्षेत्रफळ दुप्पट, म्हणून तीव्रता निम्मी, १०.६. सरासरी काढताना बाहेरच्या बाजूला पाणी अधिक आहे हे लक्षात घेतले पाहिजे. तसे केल्यावर ती १४ मिलिवॉट येते. नळकांड्यात मावणारे पाणी २५४ घन सेंटिमीटर. (हा आकडा तरंगलांबीशी जुळला हा निव्वळ योगायोग, त्यात काही गूढ शोधू नका.) पंप तासाला २०० लिटर पाणी फेकत असेल, तर सेकंदाला ५५.६ घन सेंटिमीटर झाले. म्हणजे पाण्याचा प्रत्येक भाग दिव्यासमोर सुमारे ४.६ सेकंद राहतो. १४ गुणिले ४.६ म्हणजे मात्रा जवळजवळ ६५ मिलिज्यूल.

हेच उत्तर एका ओळीतही काढता येते. वरचे सूत्र अक्षरे घालून मांडा, लांबी आणि π दोन्ही उडून जातात आणि उरते एवढेच: मात्रा = दिव्याचा अतिनील प्रकाश × पाण्याच्या थराची जाडी ÷ दर सेकंदाचा प्रवाह. २.४ × १.५ ÷ ५५.६, म्हणजे ०.०६५ ज्यूल. शिक्षकांना विनंती, की ही आकडेमोड वर्गात करून घ्यावी. लांबी का उडाली, हा प्रश्न मुलांना विचारण्यासारखा आहे. उत्तर असे, की प्रत्येक प्रकाशकण पाण्यातून जेवढे अंतर कापतो तेवढीच त्याला जंतूला गाठण्याची संधी मिळते. नळकांडे लांब केले तरी हे अंतर वाढत नाही.

मग थराची जाडी दीडऐवजी पाच, दहा सेंटिमीटर का करू नये? कारण पाणी स्वतः प्रकाश शोषते. सजावटीचे लाकूड घातलेल्या पेटीतले पिवळसर पाणी घ्या. समजा, त्यातून दर सेंटिमीटरला ७५ टक्केच अतिनील प्रकाश पुढे जातो. पहिल्या सेंटिमीटरनंतर ७५, दुसऱ्यानंतर ५६, तिसऱ्यानंतर ४२, अशी ही उतरण आहे. हिशेब केला तर दीड सेंटिमीटरचा थर प्रत्यक्षात १.२ सेंटिमीटरचेच काम देतो आणि थर कितीही जाड केला तरी साडेतीन सेंटिमीटरच्या पलीकडचे काम त्यातून निघत नाही. शिवाय जाड थरात भिंतीशी सावलीतून निसटणारे पाणी वाढते. घरच्या घरी हे पाहायचे असेल, तर पांढऱ्या कागदावर काळी फुली काढून तिच्यावर काचेचा पेला ठेवा. फिकट चहा एकेक सेंटिमीटर ओतत जा आणि वरून पाहा. फुली एकदम नाहीशी होत नाही. ती प्रत्येक थरागणिक आदल्या वेळेच्या ठरावीक हिश्शाने फिकी होत जाते.

६५ मिलिज्यूल हा आकडा मात्र नव्या दिव्याचा, स्वच्छ स्लीव्हचा आणि शुद्ध पाण्याचा आहे. वर्ष संपत आले, की दिव्याचा प्रकाश ७० टक्क्यांवर आला असे धरा. स्लीव्हवर बसलेल्या क्षारांमुळे त्यातला ८० टक्केच बाहेर पडतो आणि पिवळ्या पाण्यामुळे आणखी पाचवा हिस्सा जातो. ०.७ × ०.८ × ०.८१ केल्यावर ६५ चे ३० होतात. आराखडा नेहमी या दुसऱ्या आकड्यावर करावा. खोक्यावर छापलेले असतात ते बहुधा पहिले आकडे. आता हेच यंत्र एखाद्याने ‘जास्त पाणी फिरले तर जास्त फायदा’ असे समजून तासाला १००० लिटरच्या पंपाला जोडले, तर मात्रा पाचपटीने उतरून ६ मिलिज्यूल राहील. पंप जोरात, दिवा निळा, आणि शैवाल मजेत! माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी नेमके हेच चालले होते. त्याने नळीवर साधी तोटी बसवून प्रवाह कमी केला आणि आठवड्याच्या आत मागचे चित्र दिसू लागले.

पण प्रवाह फार कमी करूनही चालत नाही, कारण पेटीत दोन शर्यती चालू असतात. दिव्यातून सुटून आलेले स्वच्छ पाणी पेटीतल्या पाण्यात मिसळते, त्यामुळे पेटीचे ६० लिटर पाणी एकदा फिरले म्हणजे प्रत्येक थेंब दिव्यासमोरून गेला असे होत नाही. एका फेरीनंतर ३७ टक्के पाणी अजून न गेलेले असते. तीन फेऱ्यांनंतर ते ५ टक्क्यांवर येते. तिकडे शैवाल समजा दिवसाला दुप्पट होते. ६० लिटरच्या पेटीत तासाला २०० लिटर म्हणजे दिवसाला ८० फेऱ्या. शैवालाचा टिकाव लागणे शक्यच नाही. पण हेच यंत्र अंगणातल्या दहा हजार लिटरच्या हौदाला लावा. दिवसाला फेरी होते अर्धीच. दिवसाला दुप्पट होणाऱ्या शैवालाला रोखायला निदान ०.७ फेरी हवी. इथे शैवाल जिंकते, आणि दिवा कितीही उत्तम असला तरी जिंकते.

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात ही शर्यत खरी जीवघेणी होते. हा परजीवी माशाच्या कातडीखाली वाढतो, मग गळून तळाला बसतो, तिथे त्याची शेकडो पिल्ले होतात आणि ती एक-दोन दिवसांत नवा मासा शोधत पोहतात. दिवा गाठू शकतो ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. आपल्या यंत्रातून जुन्या दिव्यासह १०० मिलिज्यूल हवे असतील, तर प्रवाह तासाला ६० लिटरवर आणावा लागेल, म्हणजे तासाला एकच फेरी. तेवढ्यात बरीच पिल्ले मारली जातील. परंतु काही पिल्ले तळातून निघून समोरच्याच माशावर चढतील, ती पंपापर्यंत पोचणारच नाहीत. आणि माशाच्या अंगात आधीच शिरलेल्या परजीवीला तर दिव्याचा स्पर्शही नाही. म्हणून ‘हा दिवा लावा, रोग बरा होईल’ असे कोणी सांगितले तर मानू नका. रोगाचा फैलाव तो कमी करतो. आजारी मासा वेगळ्या पेटीत काढून त्याच्यावर उपचारच करावे लागतात. औषध पेटीतच घालणार असाल, तर तेवढे दिवस दिवा बंद ठेवावा, कारण कित्येक औषधे अतिनील प्रकाशात विघटित होतात.

एक शंका तुमच्या मनात आली असेल. माशांची विष्ठा कुजून होणारा अमोनिया पचवणारे उपयुक्त जिवाणूही यात मरत नाहीत का? फारसे नाहीत. ते पाण्यात तरंगत नसतात. गाळणीच्या स्पंजावर, वाळूवर, दगडांवर ते घर करून राहतात आणि दिवा जागचा हलत नाही. याच कारणाने काचेवर चिकटलेले हिरवे शेवाळही दिव्याने जात नाही, ते हाताने खरवडावे लागते.

आता देखभाल. ही मंडळी यंत्र बसवतात आणि विसरतात. गाळणीतून बाहेर पडलेले पाणी दिव्याकडे न्यावे, आधी नाही. गाळाचा प्रत्येक कण जंतूला सावली देतो. नळकांडे उभे असेल तर पाणी खालून आत आणि वरून बाहेर, म्हणजे हवा अडकत नाही. क्वार्ट्झला बोटांचे तेल लागू देऊ नये, लागलेच तर स्पिरिटने पुसावे. आपल्याकडे कूपनलिकेचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. (जड म्हणजे दुष्फेन, अणुभट्टीतले जड पाणी नव्हे!) स्लीव्ह गरम असल्याने तिच्यावर चुन्याचा थर बसतो, तसाच जसा पाणी तापवायच्या भांड्यात बसतो. अशा पाण्यात महिन्यातून एकदा स्लीव्ह काढून लिंबूसताच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावी, मऊ फडक्याने पुसावी आणि साध्या पाण्याने धुवावी. घासणीने घासू नये. दोन्ही टोकांची रबरी कडी तेव्हाच तपासावीत. अतिनील किरणांनी प्लॅस्टिक पिवळे पडून ठिसूळ होते, म्हणून जोडनळ्याही अधूनमधून वाकवून पाहाव्यात.

दिवा वर्षाने बदलावा. वर्षाचे तास होतात ८७६० आणि असे दिवे साधारण तेवढ्यासाठीच बनवलेले असतात. ‘अजून छान निळा पेटतो आहे की!’ असे म्हणून तो चालू ठेवणारे पुष्कळ. पण तो निळसर उजेड पाऱ्याच्या ४०५ आणि ४३६ नॅनोमीटरच्या रेषांचा, त्याचा जंतूंशी संबंध नाही. कामाचा प्रकाश दिसतच नाही, त्यामुळे तो गेल्याचेही दिसत नाही. दिव्यावर बदलल्याची तारीख लिहून चिकटवणे हा एकच उपाय. बाजारात साध्या निळ्या एलईडीला ‘यूव्ही’ म्हणून विकण्याचेही प्रकार चालतात. खऱ्या दिव्याच्या माहितीत २५४ नॅनोमीटर, किंवा तो खरा अतिनील एलईडी असेल तर २६५ ते २८० च्या दरम्यानची तरंगलांबी लिहिलेली असते. नुसता रंग पाहून घेऊ नये. या नव्या एलईडींत पारा नसतो हे चांगलेच, पण विजेच्या प्रत्येक वॅटमागे त्यांच्याकडून मिळणारा प्रकाश अजून पाऱ्याच्या दिव्यापेक्षा बराच कमी आहे. वीजबिलाची मात्र चिंता नको. चोकसकट ११ वॅट धरले तर महिनाभर अखंड चालवून आठच युनिटे होतात.

पुढचे नीट वाचा, कारण इथे माशांचा नव्हे, तुमचा प्रश्न आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी सुटा जंतुनाशक दिवा आणून तो उघडाच पेटीवर लावायचा बेत घेऊन दोन मुले माझ्याकडे आली होती. मी त्यांना तो दिवा लावू दिला नाही. २५४ नॅनोमीटरचा सूर्यप्रकाश वातावरणातला ओझोन पूर्णपणे अडवतो, जमिनीवर तो पोचतच नाही. त्यामुळे आपल्या डोळ्यांना या किरणांची सवय नाही. उघड्या दिव्याकडे थोडा वेळ पाहिले तरी त्या क्षणी काही जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग सुरू होते. वेल्डिंग करणाऱ्यांना आणि बर्फाच्छादित डोंगरांवर चष्म्याशिवाय फिरणाऱ्यांना हे दुखणे ठाऊक असते. त्वचाही भाजते. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत लोक हात निर्जंतुक करायला असे दिवे वापरू लागले, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेला तसे न करण्याचा इशारा द्यावा लागला होता. तेव्हा दिवा बंद नळकांड्यातच हवा आणि झाकण काढताच आपोआप विझणारा असेल तर अधिक चांगले. ‘चालू आहे का’ हे पाहायला झाकण उघडू नका. त्यासाठी यंत्रालाच दुधी प्लॅस्टिकची लहान खिडकी असते, तिच्यातून फक्त दृश्य उजेड येतो.

दुसरा धोका विजेचा. पाणी, क्वार्ट्झची नाजूक नळी आणि २३० व्होल्ट एकाच नळकांड्यात आहेत. पेटीची सगळी वीज ३० मिलिअँपिअरला तुटणाऱ्या ईएलसीबीमधून घ्यावी. वायरीला सॉकेटच्या खालपर्यंत झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी सॉकेटमध्ये न जाता झोळाशी ठिबकते. हात पाण्यात घालण्यापूर्वी बटन बंद करून भागत नाही, प्लग उपटावा. दिवा फुटलाच तर खिडक्या उघडून खोलीबाहेर जावे. नंतर मोठ्या माणसांनी हातमोजे घालून पुठ्ठ्याने तुकडे गोळा करून बंद डबीत ठेवावेत आणि डबी ई-कचऱ्यात द्यावी. केरसुणीने झाडू नये, पारा पसरतो.

यंत्र नसतानाही करता येईल असा एक प्रयोग सांगतो. १८६५ मध्ये इटलीतील सेक्की यांनी समुद्राच्या पाण्याची पारदर्शकता मोजायला एक पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडली होती. ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवायची. तुम्ही बाटलीचे पांढरे झाकण, एक खिळा वजनाला आणि दोऱ्यावर सेंटिमीटरच्या खुणा एवढ्यावर तशी तबकडी करा. हिरवे पाणी दोन उंच बरण्यांत भरा, एक खिडकीत ठेवा, दुसरी काळ्या कापडात गुंडाळा आणि रोज ठरल्या वेळी दोन्हींतली खोली लिहून ठेवा. दहा दिवसांचा आलेख काढला, की शैवालाच्या वाढीत उजेडाचा वाटा किती ते दिसेल. पेटीवरचा दिवा रोज चार तास कमी लावून आणि माशांना चिमूटभर कमी खाऊ घालून पाणी स्वच्छ राहत असेल, तर नऊ वॅटचा दिवा विकत घेण्याची गरजच उरणार नाही. ज्यांच्या घरी यंत्र आहे त्यांनी दिवा बदलण्याच्या आदल्या आठवड्यात आणि नंतरच्या आठवड्यात तीच तबकडी पेटीत आडवी, काचेला समांतर धरून नोंद घ्यावी.